अनुदान नाकारणारे विद्यार्थी

हिशेबाच्या वहीत अनुदानाची नोंद जमेच्या बाजूस होते आणि तेथेच तिचे काम संपते. अनुदान कसे मिळवावे, त्याचा विनियोग कसा दाखवावा, शिल्लक राहिल्यास काय करावे, हे सारे आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. परंतु 'आमच्या संस्थेने सरकारी अनुदान घेऊ नये' अशी मागणी त्याच संस्थेत शिकणाऱ्या मुलांनी करावी, आणि ती मान्य होत नाही असे दिसताच वर्ग, वसतिगृह आणि पदवी यांवर पाणी सोडून बाहेर पडावे, हे कोणत्या खात्यात लिहायचे? १९२० च्या ऑक्टोबरात अलीगडच्या मुस्लिम विद्यार्थ्यांनी नेमके हेच केले. त्यातूनच जामिया मिलिया इस्लामिया ही संस्था जन्मास आली.

इतिहास हा माझा विषय नव्हे. तरीही या विषयाकडे मी वळलो तो आपल्या गावामुळे. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजी अध्यक्ष होते, आणि आयुष्यात तेवढ्या एकाच अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले, हे टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण त्यांनी अध्यक्षपदाची सूत्रे कोणाकडून घेतली, असे वर्गात विचारले तर फारशी बोटे वर होणार नाहीत. ते होते मौलाना मोहम्मद अली, आदल्या वर्षीच्या काकीनाडा अधिवेशनाचे अध्यक्ष. अलीगडचे जुने विद्यार्थी, दोन वृत्तपत्रांचे संपादक, आणि जामियाचे पहिले कुलगुरू. खिलाफत परिषदही त्याच सुमारास बेळगावात भरली होती. म्हणजे हा सारा इतिहास उत्तर हिंदुस्थानचा असला, तरी त्याचे एक पान आपल्याच गावात उलटले गेले आहे.

आता अलीगडचे हे विद्यार्थी अचानक एका सभेने पेटले, असे जे सांगितले जाते ते मला पटत नाही. सभेने माणूस पेटतो, पण पेटायला इंधन आधीच रचलेले असावे लागते. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये शाळा काढली व तिचेच पुढे मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज झाले. मुसलमानांनी इंग्रजी शिकावे, सरकारी नोकरीत जावे आणि काँग्रेसच्या राजकारणापासून दूर राहावे, असा सर सय्यद यांचा आग्रह होता. पण त्याच कॉलेजात वादविवादाचे युनियन होते. त्यात मुले उभी राहून बोलायला शिकत. शिवाय १८९० मध्ये साहबजादा आफताब अहमद खान यांनी एक विद्यार्थी-मंडळ काढले होते. त्याचे नाव 'अंजुमन-अल-फर्ज', म्हणजे कर्तव्य मंडळ. गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी निधी जमवण्याकरिता या मंडळाची मुले सुटीत टोळ्या करून गावोगाव जात. ओळखी काढायच्या, कोणाच्या तरी ओसरीवर उतरायचे, सभा भरवायची, कॉलेजची माहिती सांगायची आणि वर्गणी मागायची. परक्या गावात, परक्या माणसापुढे उभे राहून पैसे मागणे ही केवढी मोठी शाळा आहे, हे ज्याने गणपतीची वर्गणी मागितली आहे त्याला सांगायला नको. राजकारणापासून दूर ठेवलेल्या या मुलांना लोकांपुढे बोलायचे शिक्षण असे नकळत मिळत गेले. पुढे खिलाफतीच्या काळात जी माणसे खेडोपाडी बोलत हिंडली, त्यांना हा धडा नवा नव्हता.

या कॉलेजातून १९०३ मध्ये बी. ए. होऊन बाहेर पडलेला एक विद्यार्थी मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा आहे. त्याचे मूळ नाव सय्यद फज्लुल हसन, उन्नाव जिल्ह्यातील मोहान गावचा, आणि कवी म्हणून घेतलेले नाव हसरत मोहानी. 'चुपके चुपके रात दिन' ही गझल बहुतेकांनी गुलाम अली यांच्या आवाजात ऐकली असेल. ती यांचीच. पदवी मिळाल्यावर नोकरी धरायची सोडून या गृहस्थाने अलीगडातच 'उर्दू-ए-मुअल्ला' नावाचे मासिक काढले. अर्धे मासिक काव्याचे आणि अर्धे राजकारणाचे! त्या राजकारणात ते लोकमान्य टिळकांना आपले गुरू मानत. १९०७ च्या सुरत अधिवेशनात काँग्रेस दुभंगली तेव्हा हसरत टिळकांच्या बाजूने बाहेर पडले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०८ च्या जूनमध्ये, मुंबईत टिळकांना अटक झाली आणि अलीगडात हसरतना. ईजिप्तमधील इंग्रजांच्या धोरणावर त्यांच्या मासिकात एक निनावी लेख आला होता. लेखक कोण ते सांगा, असे त्यांना विचारण्यात आले. त्यांनी नाव सांगितले नाही, संपादक या नात्याने जबाबदारी आपली आहे असे म्हटले आणि सक्तमजुरी पत्करली. वर पाचशे रुपये दंड होता. तो भरायला पैसे नव्हते, म्हणून त्यांचा ग्रंथसंग्रह मातीमोल भावाने विकला गेला. टिळक मंडालेला होते तेव्हा हा त्यांचा शिष्य नैनीच्या तुरुंगात दळण दळत होता आणि दळता दळता गझला रचत होता.

सुटल्यावर मासिक पुन्हा निघाले. मग सरकारने छापखान्यावर अनामत रकमेचा बोजा टाकला, तेव्हा हसरतनी छापखाना बंद केला आणि अलीगडात स्वदेशी मालाचे दुकान थाटले. बेगम निशातुन्निसा यांनी मासिकाचे काम आणि पुढे दुकानही सांभाळले. मला या दुकानाचे फार कौतुक वाटते. ज्याच्या तोंडावर हात ठेवला, त्याने कापडाच्या गठ्ठ्यांतून बोलायला सुरुवात केली. 'इन्किलाब झिंदाबाद' ही घोषणाही हसरतचीच, हे आज ती देणाऱ्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

अनामत रकमेचा उल्लेख आला, तर त्याचा खुलासा केला पाहिजे, कारण त्या काळच्या वृत्तपत्रांचा जीव तिच्यात अडकलेला होता. १९१० च्या प्रेस कायद्यान्वये नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपये अनामत मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला होता. आक्षेपार्ह मजकूर छापला असे सरकारला वाटले की ती जप्त. पुन्हा छापायचे असल्यास १,००० ते १०,००० रुपये नव्याने भरायचे. तीही जप्त झाली तर त्यापुढे छापखाना आणि छापलेला माल सरकारजमा होऊ शके. यात संपादकाला तुरुंगात धाडावे लागत नाही, त्याचे खटल्यातले भाषण गाजत नाही, लोकांच्या डोळ्यांत पाणीही येत नाही. भांडवलच काढून घेतले की वृत्तपत्र आपोआप मरते. टिळकांच्या खटल्यापासून सरकारने काही शिकले असेल, तर ते हे असावे, असे मला वाटते.

मौलाना अबुल कलाम आझाद यांचा 'अल-हिलाल' कलकत्त्यास जुलै १९१२ मध्ये सुरू झाला. उर्दूत तो चित्रे घालून, खिळ्यांच्या छपाईवर निघत असे. दोन वर्षांत आठवड्याला २६,००० प्रती खपू लागल्या, असे आझादांनी आत्मकथनात नमूद केले आहे. त्याची दोन हजारांची अनामत १९१४ मध्ये जप्त झाली, दहा हजारांची नवी मागणी आली, आणि पत्र बंद पडले. मोहम्मद अलींचेही तेच झाले. हे गृहस्थ ऑक्सफर्डला शिकलेले, परत येऊन बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत काही वर्षे अधिकारी होते. (बडोद्याच्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावे!) चांगली नोकरी सोडून त्यांनी १४ जानेवारी १९११ रोजी कलकत्त्यात 'कॉम्रेड' हे इंग्रजी साप्ताहिक काढले, पुढे ते दिल्लीस नेले आणि १९१३ मध्ये त्याच्या जोडीला 'हमदर्द' हे उर्दू दैनिक सुरू केले. सप्टेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या युद्धातील भूमिकेविषयी त्यांनी 'कॉम्रेड'मध्ये एक लांबलचक लेख लिहिला. त्यावर अनामत जप्त झाली व साप्ताहिक बंद पडले. १९१५ ते १९१९ पर्यंत ते आणि थोरले बंधू शौकत अली स्थानबद्ध होते. त्यातला बराच काळ छिंदवाड्यास गेला.

'कॉम्रेड' आणि 'हमदर्द' या जोडीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या या नियतकालिकाचेही मराठी आणि कानडी असे दोन भाग आहेत. मी मराठी शाळेत शिकलो, गल्लीत कानडी बोलत वाढलो, आणि आता ताळेबंद इंग्रजीत मांडतो. एकच गोष्ट दोन भाषांत सांगताना ती एकच राहत नाही, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. 'कॉम्रेड' सरकारी अधिकाऱ्यांनी आणि विलायतेतल्या लोकांनी वाचावा म्हणून होता. त्यात युक्तिवाद आहे, थट्टा आहे, इंग्रजाला इंग्रजीत टोचणे आहे. 'हमदर्द' दिल्लीच्या गल्लीसाठी होता. तो सुरुवातीला खिळे जुळवून छापला. पण उर्दूच्या वाचकाला कातिबाच्या हातच्या वळणदार नस्तालीक अक्षराची सवय, खिळ्यांचे तुटक अक्षर त्याच्या डोळ्यांना रुचेना. अखेर पुन्हा शिळाप्रेसचा आधार घ्यावा लागला. शिळाप्रेस म्हणजे कातिबाने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवून छापणे. काम सावकाश, दगड झिजतो, जास्त प्रती निघत नाहीत. तरीही वाचकाच्या डोळ्याला मान द्यावा लागला. लोकांशी बोलायचे तर आपल्या सोयीचे अक्षर चालत नाही.

या पत्रांचा अलीगडच्या वसतिगृहांवर काय परिणाम झाला? १९१२ मध्ये बाल्कन युद्ध सुरू झाले तेव्हा मुलांनी भोजनातले पदार्थ कमी करून तुर्की जखमींसाठी पैसे वाचवले. डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे वैद्यकीय पथक त्या वर्षाच्या अखेरीस तुर्कस्तानला गेले, तेव्हा खलीकुज्जमान, अब्दुर रहमान सिद्दिकी, शुएब कुरेशी हे अलीगडचे तरुण त्यात होते. या पथकासाठीचा निधी 'कॉम्रेड'ने वाचकांकडून जमवला होता. म्हणजे वर्तमानपत्र, वर्गणी आणि विद्यार्थी यांची सांगड १९२० च्या आधीच आठ वर्षे बसलेली होती.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. पहिले महायुद्ध संपले, तुर्की सुलतान जो खलीफा म्हणून मानला जाई त्याच्या राज्याचे तुकडे पडू लागले, आणि इकडे जालियनवाला बाग घडली. १ ऑगस्ट १९२० रोजी असहकाराला आरंभ व्हायचा, त्याच दिवशी मुंबईत लोकमान्य गेले. त्यांच्या पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत गांधीजींबरोबर शौकत अलीही होते. सरकारी व सरकारमान्य शाळा-कॉलेजांवर बहिष्कार हा असहकाराचा एक भाग होता. त्याच सप्टेंबरात अलीगड कॉलेजला विद्यापीठाचा दर्जा देणारा कायदा मंजूर झाला. कॉलेजच्या विश्वस्तांनी वर्षानुवर्षे ज्यासाठी खटपट केली, देशभरच्या मुसलमानांनी ज्यासाठी वर्गणी दिली, ती सनद हाती येत होती. आणि नेमक्या त्या क्षणी विद्यार्थी म्हणू लागले की, सनद नको आणि अनुदानही नको. विश्वस्तांचा राग मी समजू शकतो.

१२ ऑक्टोबर रोजी गांधीजी आणि अली बंधू अलीगडास आले. गांधीजींचे भाषण मुलांवर पडावी तशी छाप पाडू शकले नाही. झाकिर हुसेन तेव्हा २३ वर्षांचे, एम. ए. आणि कायद्याचा अभ्यास करीत कॉलेजात शिकवण्याचेही काम करीत. त्या दिवशी ते प्रकृती दाखवायला डॉ. अन्सारींकडे दिल्लीस गेले होते. परतल्यावर स्टेशनावरच त्यांनी ऐकले, ते मुले गांधीजींच्या भाषणाची टिंगल करीत असल्याचे. त्या ऐकण्याची त्यांना लाज वाटली, असे त्यांचे चरित्रकार व सहकारी मुजीब यांनी लिहिले आहे. मग अली बंधू बोलले, आणि ते मुलांच्या भाषेत बोलले, जुन्या विद्यार्थ्याने बोलावे तसे. सभा हेलावली. पण झाकिर हुसेन यांनी जे केले ते मला सभेपेक्षा मोठे वाटते. ते पुन्हा दिल्लीस गेले, हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी आणि मोहम्मद अली यांना भेटले, आणि त्यांना सांगितले की, मुले बाहेर पडतील, पण त्यांना जायला एक राष्ट्रीय शिक्षणसंस्था हवी. नुसता 'सोडा' म्हणणारा नेता आणि 'सोडून कुठे जायचे' हे विचारणारा विद्यार्थी यांत दुसऱ्याने चळवळ वाचवली, असे माझे मत आहे.

विश्वस्तांनी मागणी फेटाळली. पालकांना पत्रे गेली. इकडे गांधीजींनी विश्वस्तांना आणि अलीगडच्या मुलांच्या पालकांना उद्देशून जाहीर पत्रे लिहिली. एकाच घरी, एकाच आठवड्यात, मुलाला घेऊन जा असे सांगणारे एक पत्र आणि मुलाला अडवू नका असे सांगणारे दुसरे! त्या घरातील आईचा विचार माझ्या मनातून जात नाही. माझ्या फीच्या पावत्या आमच्या आईने एका डब्यात जपून ठेवल्या आहेत. तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर मी पदवी सोडतो म्हणालो, तर ती तो डबाच माझ्यापुढे ठेवील. शिवाय असा प्रश्न फक्त घरातल्यांचाच होता असेही नाही. पंडित मदनमोहन मालवीयांसारखा थोर देशभक्त बनारसच्या विद्यार्थ्यांनी बाहेर पडण्याच्या विरुद्ध होता. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती.

२९ ऑक्टोबर १९२०, शुक्रवार. कॉलेजच्याच मशिदीत राष्ट्रीय संस्थेच्या स्थापनेची सभा झाली. देवबंदचे वयोवृद्ध मौलाना महमूद हसन माल्टाच्या कैदेतून त्याच वर्षी सुटून आलेले, इतके आजारी की, त्यांचे भाषण दुसऱ्याने वाचून दाखवावे लागले. महिन्याभराने ते वारलेच. देवबंद आणि अलीगड, म्हणजे धार्मिक मदरसा आणि इंग्रजी कॉलेज, ही दोन टोके आजवर एकमेकांकडे पाठ करून उभी होती. ती त्या दिवशी एका छपराखाली आली. हकीम अजमल खान कुलपती झाले, मोहम्मद अली कुलगुरू. वर्ग तंबूंत आणि भाड्याच्या बंगल्यांत भरू लागले. आधीच्या १८ तारखेला अहमदाबादेत गुजरात विद्यापीठ निघाले होते. पुढच्या वर्षी काशी विद्यापीठ आणि पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. ही सारी एकाच वेलीची फळे होत.

येथवर सारे उत्साहाचे झाले. आता खर्चाची बाजूही मांडली पाहिजे.

त्याच १९२० च्या उन्हाळ्यात 'हिजरत'ची हाक उठली. इंग्रजी राज्यात राहणे धर्माला सोडून आहे, तेव्हा अफगाणिस्तानात चला. सिंध आणि सरहद्द प्रांतातील हजारो साध्या शेतकऱ्यांनी जमिनी, गुरे मिळेल त्या भावाने विकली आणि खैबरची वाट धरली. अफगाण सरकारला एवढ्या माणसांना पोसणे अशक्य झाले व त्यांनी ऑगस्टमध्ये वाट बंद केली. परतताना किती तरी माणसे वाटेवर मेली. जी घरी पोचली त्यांना घर उरले नव्हते. घोषणा देणाऱ्याने पुढच्या मुक्कामाची व्यवस्था केली नाही, तर तिची किंमत ऐकणारा देतो. अलीगडच्या मुलांना जामिया मिळाली, या शेतकऱ्यांना कोणी झाकिर हुसेन मिळाला नाही.

दुसरी बाब पैशाची. खिलाफत समितीकडे देशभरातून निधी आला. बायकांनी दागिने दिले. अली बंधूंच्या मातोश्री 'बी अम्मां' उतारवयात सभांतून बोलत हिंडल्या. हा पैसा मुंबईत समितीचे अध्यक्ष व मोठे लाकूड व्यापारी शेठ छोटानी यांच्याकडे राही. १९२२ च्या सुमारास हिशेब तपासले तेव्हा लाखो रुपये त्यांच्या धंद्यात गुंतल्याचे आढळले. रोकड परत येईना, तेव्हा त्यांनी आपल्या लाकूड कापण्याच्या गिरण्या समितीला लिहून दिल्या. संस्थेचे खाते आणि व्यापाऱ्याचे खाते वेगळे ठेवावे, हा आमच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रकरणातला नियम आहे. २०१९ च्या पुरात आम्ही शाळकरी मुले पूरग्रस्तांसाठी डबा घेऊन गणपत गल्लीत फिरलो होतो, तेव्हा एका दुकानदाराने पैसे टाकण्याआधी विचारले, "पोरांनो, पावती कुठाय?" आम्हांला तो कंजूष वाटला. आमच्या गुरुजींनी मात्र दुसऱ्या दिवशी पावतीपुस्तक आणून दिले.

तिसरी बाब तर चळवळीच्या मुळाशीच होती. ज्या खलीफासाठी हे सारे चालले होते, ते पद स्वतः तुर्कांनीच ३ मार्च १९२४ रोजी रद्द केले. त्याआधी चौरीचौऱ्यानंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये असहकार थांबवला गेला होता. मलबारात मोपल्यांच्या उठावात रक्त सांडले होते, आणि उत्तरेत हिंदू-मुसलमानांचे दंगे सुरू झाले होते. गांधीजी आणि मोहम्मद अली बेळगावच्या मंडपात शेजारी शेजारी बसले, तेव्हा त्या दोघांच्या मैत्रीलाही तडे जाऊ लागलेले होते. धर्माच्या नावाने लोक गोळा करणे सोपे, पण त्याच नावाने ते वेगळेही होतात, अशी टीका पुष्कळांनी केली आहे. ती खोटी नाही. १९४५-४६ च्या निवडणुकीत अलीगडचे विद्यार्थी पुन्हा टोळ्या करून पंजाबच्या व इतर प्रांतांच्या खेड्यांत गेले. या वेळी ते मुस्लिम लीगसाठी मते मागत होते. पद्धत तीच, कर्तव्य मंडळाची. बाल्कन युद्धात जखमींची सेवा करायला गेलेले खलीकुज्जमान तोवर लीगचे मोठे पुढारी झाले होते. त्याच वेळी दिल्लीत जामियाचे लोक फाळणीच्या मागणीपासून दूर राहून शाळा चालवीत होते. एकाच कॉलेजची ही दोन अपत्ये. विद्यार्थ्यांचे वक्तृत्व म्हणजे धारदार सुरी आहे, तिच्याने काय कापायचे हे सुरी ठरवीत नाही.

अलीकडच्या काळातील एका घटनेचा उल्लेख टाळला तर लेख अपुरा राहील. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा संमत झाला व जामियात विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. १५ डिसेंबरच्या संध्याकाळी पोलीस विद्यापीठाच्या आवारात व ग्रंथालयात शिरले. दंगलखोरांचा पाठलाग करीत आलो, असे पोलिसांचे म्हणणे होते. वाचत बसलेल्यांना मारले, असे विद्यार्थ्यांचे. त्या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध आपल्याच वर्गात दोन तट आहेत, आणि तो वाद मी येथे सोडवू इच्छीत नाही. मला लक्षात राहिले ते पुढचे. त्या मुलांनी सात क्रमांकाच्या दरवाजाबाहेर पदपथावर पुस्तके मांडून वाचनालय सुरू केले, भिंती चित्रांनी रंगवल्या, राज्यघटनेचा सरनामा मोठ्याने वाचला. फेब्रुवारीत ग्रंथालयातील कॅमेऱ्याचे चित्रण त्यांनीच लोकांपुढे ठेवले, त्यावर पोलिसांच्या बाजूनेही दुसरी चित्रणे आली, आणि कोणते चित्रण खरे काय सांगते यावर देशभर वाद झाला. शंभर वर्षांपूर्वी कातिब दगडावर अक्षर उतरवी, आता खिशातल्या फोनवरून चित्र क्षणात जाते. पण ऐकणाऱ्याने 'पावती कुठाय?' असे विचारणे काही बदललेले नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे रस्ते ओस पडले आणि ती निदर्शनेही संपली.

मात्र जामियाची गोष्ट मी १९२४ पाशी सोडली होती. खिलाफत गेली तशी समितीची मदतही आटली. संस्था बंद करावी असे बहुतेकांना वाटू लागले. ती चालू राहिलीच पाहिजे, तिच्यासाठी वेळ पडल्यास झोळी घेऊन फिरेन, अशा अर्थाचे गांधीजी बोलले. १९२५ मध्ये संस्था अलीगडाहून दिल्लीच्या करोलबागेत आली. झाकिर हुसेन त्या वेळी बर्लिनमध्ये होते. शेतीच्या अर्थव्यवस्थेवर प्रबंध लिहीत होते, आणि फावल्या वेळात काव्यानी नावाच्या छापखान्यात स्वतः खिळे जुळवून गालिबच्या दिवाणाची खिशात मावेल अशी आवृत्ती काढत होते. १९२६ मध्ये ते, आबिद हुसेन आणि मुजीब असे तिघे परत येऊन जामियात दाखल झाले. डिसेंबर १९२७ मध्ये हकीम अजमल खान गेले. ते स्वतःच्या खिशातून जी तूट भरून काढीत, ती आता भरणार कोण? १९२८ मध्ये शिक्षकांनीच एक मंडळ स्थापून संस्था आपल्या हाती घेतली आणि प्रतिज्ञा केली की, वीस वर्षे येथेच शिकवू आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणार नाही. प्रत्यक्षात तेवढेही हाती पडत नसे. एखाद्या श्रीमंताच्या देणगीवर विसंबण्याऐवजी 'हमदर्दान-ए-जामिया' या नावाने थोडी थोडी वर्गणी देणाऱ्या सामान्य माणसांचे जाळे विणले गेले. छोटानी शेठ यांच्या प्रकरणानंतर हा मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. एक मोठा देणगीदार रुसला की संस्था बुडते, हजार लहान देणगीदार एकाच दिवशी रुसत नाहीत. जोडीला पुस्तके छापणारी मकतबा होती, 'जामिया' हे मासिक होते, लहान मुलांसाठी 'पयाम-ए-तालीम' होते. चळवळीचा आवाज ओसरल्यावर यांचाच आवाज उरला.

१ मार्च १९३५ रोजी यमुनेकाठच्या ओखला येथे स्वतःच्या इमारतीची कोनशिला बसवायची होती. राजे, नबाब, पुढारी यांपैकी कोणाला बोलावावे, हा प्रश्न झाकिर हुसेन यांनी सोपा केला. शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून त्यांनी ती बसवून घेतली. त्याच वर्षाच्या आरंभी जामियात व्याख्याने द्यायला तुर्कस्तानातून एक लेखिका आल्या होत्या, हलिदे एदिब. तुर्कस्तानच्या स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी स्वतः भाग घेतला होता, आणि नंतर नव्या राजवटीशी न पटल्याने त्या देशाबाहेर राहत होत्या. एका व्याख्यानाला अध्यक्ष म्हणून गांधीजी होते. पंधरा वर्षांपूर्वी ज्या तुर्की खलीफासाठी ही मुले अलीगड सोडून आली, तो आता कुठेच नव्हता. पुढ्यात तुर्की पाहुण्या उभ्या होत्या, त्या आपल्या देशातील बदलांविषयी सांगत होत्या, आणि ऐकणाऱ्यांत ती मुले आता शिक्षक होऊन बसली होती.